वरच्या अंगाची माती

दि. ३ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. इकडे सगळी खुशाल, झाडं सोडून.

खालच्या अंगाची संत्री पिवळी पडत चालली आहेत. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. ह्यांनी माती तपासायला पाठवली होती. अहवाल आला, माती उत्तम. झालं, तुमच्या बंधूंनी निकाल लावून टाकला की दोष कलमांचा, रोपवाटिकेवाल्याने फसवलं. सोमवारी मशीन येणार, खालची सगळी झाडं उपटून तिथेच नवी लावायची. पुढच्या वर्षी पहिला बहार धरायचा होता हो! जपाला बसते, पण माळ हातात आणि मन खालच्या बांधावर. बोलायला गेले तर म्हणतात, तू तुझं घर बघ. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. लिहा ना त्यांना चार ओळी.

पाकीट जुनंच उलटून चिकटवलंय, हसू नका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची वहिनी

दि. ६ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. पाकीट बघून हसलेच. डिंक तरी सढळ हाताने लावत जा, पत्र निम्मं बाहेर डोकावत होतं.

अहवालावरून भांडू नकोस. माती कुठून घेतली, एवढंच विचार. तुझा नवरा लहानपणी तापाने फणफणलेला असला तरी डॉक्टरांपुढे छाती काढून उभा राहायचा. डॉक्टर म्हणायचे, पोराला काय धाड भरलीय! घरी आला की पुन्हा अंथरुणात. मी त्याला लिहीत नाही. माझं ऐकेल, पण मग तुझं कधीच ऐकणार नाही. कुदळ घे आणि खाली जाऊन स्वतः बघ.

देव पाठीशी आहे, कंबर मात्र तुलाच कसायची.

तुझी नणंद

दि. १३ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. विचारलं. वरच्या अंगाला विहिरीजवळचं ते जुनं झाड, फळांनी वाकलेलं, त्याच्या बुडाची माती नेली होती! वर मलाच म्हणतात, परक्याच्या हाती काय रोगट माती द्यायची?

मग खाली खणलं. वीतभर खाली चिकण माती, त्यात चुनखडीचे खडे. खड्ड्यात बघता बघता पाणी साठलं. मुळं काळी, साल हाताला सुटून येत होती. हे बघायलासुद्धा आले नाहीत.

सोमवारी मशीन आलंच. पहिली रांग डोळ्यांदेखत गेली, वन्सं. राहवेना. भिजकी ढेकळं पदरात भरून नेली, ह्यांच्या पायाशी ओतली आणि विचारलं, नवी कलमं ह्यातच लावणार ना? मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. हे किती तरी वेळ ढेकूळ चोळत बसले. शेवटी त्याला म्हणाले, आलाच आहेस तर बांधालगत चर काढ.

चरातून अजून गढूळ पाणी वाहतंय. उरलेली झाडं जगतील की नाही, कोणी सांगत नाही. पालवी दिसेपर्यंत जिवाला चैन नाही.

आत्ता हे रिकामी पिशवी घेऊन दारात उभे आहेत. म्हणतात, चल, सगळ्यात वाईट जागा कुठली ती दाखव. इथेच थांबते. आशीर्वाद असू द्या, थोडे झाडांनाही.

तुमची वहिनी