बोअरचा जनरल

अजमान (दुबईजवळ), मे १९९८

दादास, रुसलेल्या धाकट्याचा नमस्कार.

आमचे साइट इंजिनियर कोबससाहेब दक्षिण आफ्रिकेचे. परवा म्हणाले, त्यांचे आजोबा बोअर युद्धात लढले. मी म्हटलं, "साहब, हमारे घर में भी वही चालू है!" मला वाटलं, तुझ्यामाझ्यासारखे तेही बोअरच्या पाण्यावरून भांडले. तर त्यांच्या भाषेत बोअर म्हणजे शेतकरी.

मग त्यांनी आजोबांचा जनरल सांगितला, द ला रे. गडी आधी लढाई नकोच म्हणत होता. पण इंग्रजांशी जुंपल्यावर शेवटपर्यंत हटला नाही. एकदा इंग्रजांचा जनरल पाय मोडून त्याच्या हाती सापडला. स्वतःची माणसं चिडली, तरी यानं त्याला इंग्रजांच्याच दवाखान्यात धाडलं. काय काळीज असेल!

तुझा पाय मोडल्याचं बायकोनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विषयच बदलला होता. आज तिला पुन्हा फोन केला. म्हटलं, यल्ला, चल लवकर, मोटर चालू कर, दादाच्या डाळिंबांना पाणी सोड.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तू शेफारशील. बागेत पाणी दिसेल, तेवढं पुरे.

पाय बरा झाला की भांडू.

तुझाच,
महादेव