फुग्यांचं घर आणि सोक यी

मी, चाँग युएत मुई, वय एकाहत्तर, राहणार बिदोर, फुगे करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

कलम पहिले. माझं राहतं घर, ज्याच्या मागच्या भागात कारखाना आहे, माझी एकुलती एक मुलगी सोक यी हिला द्यावं. तिने ते विकावं. तिला त्यात पाऊल टाकता येत नाही, आणि याला मीच जबाबदार आहे. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पावडर लावतात. त्या पावडरीच्या धुरळ्यात तिचा पाळणा टांगला होता. मोठी होऊन नर्स झाली. रबरी हातमोज्यांनी आधी हात सुजायचे, मग श्वास कोंडायला लागला. डॉक्टर म्हणाले, रबराचं वावडं. तेव्हापासून नववर्षाचं जेवण मी तिला फाटकाबाहेर नेऊन देत आले.

कलम दुसरे. साचे, टाक्या आणि भट्टी माझी कामगार रोस्मिना हिला द्यावी. तिने कारखान्यात माझ्याबरोबर आयुष्य काढलं. धंदा दुसरीकडे मांडावा, रबराच्या शुद्ध केलेल्या चिकाचाच. त्यातला अंगावर उठणारा अंश काढलेला असतो. महाग आहे, पण कुरकुर करू नये.

कलम तिसरे. पावडरीचं पिंप कोणालाही देऊ नये, खोल पुरावं. गेल्या नववर्षाला मी शुद्ध चीक आणला, टाक्या घासल्या, भिंती धुतल्या आणि फोन केला, "ये गं पोरी, आता घर तुझं आहे." ती आली. मासा वाढेपर्यंत तिचे ओठ सुजले, आणि ती खुर्चीवरून खाली कोसळली. चीक नवा होता, पण पावडर जुनीच होती! वापरलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. जुन्या चिकाचं सगळं विष त्या पावडरीत मुरलेलं. चांगली पावडर टाकवेना मला. कसली चांगली, मेली!

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "आई, तुला कुठे माहीत होतं? जेवलीस का तू?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कलम चौथे. माझा भाऊ कोक वाह त्या दिवशी म्हणाला, "नखरे आहेत, भांडी घासायला नकोत." त्याला माझी भांडी द्यावीत. सगळी. घासत बसू दे.

कलम पाचवे, आणि हे नीट वाचावं. माझं शव रिवाजाप्रमाणे घरात ठेवू नये. देवळामागच्या उघड्या मंडपात ठेवावं. शेवटच्या प्रवासाचे कपडे मी साठीतच शिवून पेटीत ठेवलेत, पण ती पेटी कारखान्याच्या माळ्यावर आहे, म्हणून ते जाळावेत. अपशकुन होईल म्हणून कोणी अडवू नये. दुकानातून नवे आणावेत, घरात न आणता. मला स्वच्छ धुवावं, केसांतूनसुद्धा. उचलणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालू नयेत.

मग सोक यीला जवळ येऊ द्यावं. तिला मला कवटाळायचं असेल तर पुजाऱ्याने मध्ये येऊ नये, आणि कोणीही घाई करू नये. जिवंतपणी माझ्या अंगाला पावडर होती.

सही: चाँग युएत मुई

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली. यातलं काहीही आम्हाला मिळणार नाही.
१. लो सिउ हेंग, झाडपाल्याच्या औषधांचे दुकानदार
२. पुष्पराणी मुनियांदी, शिक्षिका

बिदोर, पेराक. १४ मार्च २०१९