हॅम कोणत्या दिवशी शिजवायचं

एल्म प्रेरी, मिनेसोटा
२४ ऑक्टोबर १९८९

प्रिय आर्डिसताई,

प्रभूच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझं पत्र ऑगस्टात आलं, उत्तराला आज बसलेय. तुझ्या गुडघ्यासाठी आमच्या महिला मंडळाने प्रार्थना केली. टोमॅटो इतके आले की बरण्या कमी पडल्या. शेजारणीच्या रिकाम्या लोणच्याच्या बरण्या मागून आणल्या. विकत कशाला घ्यायच्या?

तू विचारलं होतंस, आमची सिग्ने पदवी घेऊन काय करते. तिच्याबरोबर पदवी घेतलेल्यांचं आधी सांगते. एक कायदा शिकायला गेला, एक कोरियात इंग्रजी शिकवते, इतिहासवाला बेकरीत पाव भाजतो आणि म्हणे मजेत आहे. चर्चमध्ये कॉफी घेताना बायका विचारायच्या, "तत्त्वज्ञान शिकून पोरगी करणार काय गं?" मी म्हणायची, "विचार करेल," आणि केक पुढे करायची.

तर ताई, सिग्ने इथल्याच टॉर्वाल्डसनच्या अंत्यविधीगृहात काम शिकते. मेलेल्यांना आंघोळ घालते, कपडे घालते, घरच्यांशी बोलते. व्हर्लिनने जन्मभर लोकांच्या विहिरी खणल्या, ते पोरगी वकील व्हावी म्हणून. "मेलेल्यांना टाय बांधायला कॉलेज लागतं?" एवढंच म्हणाला आणि जूनपासून तिच्याशी बोलणं बंद. ती टॉर्वाल्डसनच्या माडीवर राहायला गेली. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी तिच्या नावापाशी आले की हा बटाटे वाढून घ्यायला लागायचा. हे तुला लिहवत नव्हतं गं.

मागच्या आठवड्यात व्हर्लिनचा दोस्त ऑर्व्हिल गेला. दफनानंतरचं जेवण मंडळातर्फे माझ्याकडे. त्याचा थोरला मुलगा डेल फोनवर म्हणाला, गुरुवारी दफन. धाकट्या लायलचा फोन आला, दफन नाहीच, दहन, आणि जेवण शनिवारी. मी हॅम शिजवू कधी? शेवटी अंत्यविधीगृहात गेले. व्हर्लिन शवपेटीला खांदा देणारा, तोही आला. टोपी हातात घेऊन दाराशी उभा.

दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले होते. सिग्ने मध्ये बसली आणि म्हणाली, "डेलकाका, तुमचं मग सांगा. आधी लायलकाकांचं म्हणणं सांगा, ते 'बरोबर' म्हणेपर्यंत." कॉलेजात त्यांना असंच वाद घालायला लावायचे म्हणे.

"त्याचं म्हणणं? त्याला हट्ट करायचाय," डेल म्हणाला.

"चूक," लायल.

डेलने लायलकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "बाबांनी दहनाचं फक्त त्याला सांगितलं. मी ते खोटं ठरवलं, तर बाबांनी त्याला शेवटचं दिलेलं काढून घेतल्यासारखं होईल."

लायलने मान हलवली. त्याची पाळी आली तेव्हा रडतच म्हणाला, "डेलला आईच्या कबरीशेजारची जागा रिकामी बघवत नाही."

शेवटी ठरलं, दहन करायचं आणि राख आईशेजारी पुरायची. शुक्रवारी. मी हॅम घ्यायला निघाले.

गाडीत व्हर्लिनही होता. घराच्या वळणावर म्हणाला, "पोरीला विचार, रविवारी जेवायला येतेस का." मी म्हटलं, "तूच विचार की." तर म्हणतो, "फोन पलंगाच्या तुझ्या बाजूला आहे."

ती आली. पान वाढलं तरी हा काटा उचलेना.

"तुझं म्हणणं मी सांगतो," तो म्हणाला. "गेलेल्याला काही लागत नाही. मागे राहिलेल्यांजवळ त्या दिवशी शहाणं माणूस लागतं. ते तू व्हायचं म्हणतेस."

"हो बाबा. बरोबर."

"मला अजून पटलेलं नाही."

"चालेल."

"मग ग्रेव्ही दे इकडे."

दोघं ऑर्व्हिलच्या गोष्टी सांगत बसली. मी स्वयंपाकघरात गेले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि देवाचे आभार मानले. पाणी वाया गेलं, जाऊ दे. ताई, आता गावात कुणी सिग्नेचं विचारलं तर मी केक पुढे करत नाही, सरळ सांगते.

तुझी, छातीवरचा धोंडा उतरलेली,
लव्हॉन