बिल्ड चालू असताना

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी
आजपासून एकाग्रता. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली की मशीन तो सगळा पुन्हा बांधायला घेतं. आम्ही त्याला बिल्ड म्हणतो. तेवढी पाच-सात मिनिटं रिकामी. माझं करिअर याच मिनिटांत वाया गेलं, हे काल एकट्यानं जेवताना लक्षात आलं. यापुढे बिल्ड चालू असताना स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. मोबाइल ड्रॉवरमध्ये.

दुपारी
मोबाइल ड्रॉवरमध्येच आहे. ड्रॉवर उघडा ठेवलाय, एवढंच.

५ फेब्रुवारी
दोष माझा नाही, झ्लात्काचा. शेजारच्या टेबलावर टेस्टिंग करते. माझा बिल्ड लागला की हिची खुर्ची वळलीच. "अरे बोयान, बानित्सा आणलीय. चीज खारट झालंय का बघ रे जरा." बघितलं. त्या चीज भरलेल्या पेस्ट्रीचे तीन तुकडे खाल्ल्याशिवाय नक्की सांगता येईना. मग वार्ना शहरात राहणाऱ्या लेकीचं पुराण, नातवाचा पहिला दात. बिल्ड केव्हाच संपला होता.

७ फेब्रुवारी
टेबलावर कार्ड लावलं: 'थांबलेला दिसलो तरी कामात आहे. बोलू नये.' झ्लात्कानं वाचलं. म्हणाली, "हे कोणासाठी?"
सगळ्यांसाठी, म्हणालो.
"पण माझ्याशिवाय तुझ्याशी बोलतं कोण?"
स्क्रीनकडे वळलो. बिल्ड चालू होता.

१२ फेब्रुवारी
यश! दिवसभरात एक शब्द नाही. बानित्सा अकाउंट्सच्या प्लामेनला गेली. त्याला चीजमधलं ओ का ठो कळत नाही. असो. मोठे हेडफोन घेतले. त्यात काही लावत नाही.

१८ फेब्रुवारी
झ्लात्का येऊन उभी राहिली. ओठ हलत होते. मी कार्डाकडे बोट केलं, अगदी नम्रपणे. जरा वेळ थांबली, मग गेली. महत्त्वाचं असेल तर मेल करेल. मेल उघडून पाहिला. परत पाहिला. एकाग्रता अजिबात मोडली नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
जेवायच्या सुट्टीत ऑफिस रिकामं. उत्तम शांतता. मग सगळे हसत-खिदळत परत आले, वाइनचा वास. प्लामेन म्हणाला, "तू कुठे होतास रे? झ्लात्काचा शेवटचा दिवस ना! लेकीकडे चालली, कायमची. आठवडाभर एकेकाला सांगत फिरत होती."
माहीत होतं, म्हणालो. काम होतं.
निघताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बिल्ड संपतच आला होता. एक मिनिट हं, म्हणालो. वळून पाहिलं तर तिची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
शेजारी कोणी नाही. अडथळा शून्य. क्रस्तेव साहेब दोनदा जवळून गेले, बोलले नाहीत. दबदबा! जेवणानंतर मोठा बदल केला आणि स्क्रीनसमोर बसलो. नजर हलू दिली नाही. अशी एकाग्रता जन्मात साधली नव्हती. बाहेर अंधारलं. लोक कोट चढवून गेले. सफाईच्या बाई पोछा घेऊन आल्या. म्हणाल्या, "कोणाची वाट बघताय हो?"
बिल्डची, म्हणालो. मग नीट पाहिलं.
बिल्ड लावलाच नव्हता.
लावला. बाईंना म्हटलं, बसा ना जरा, पाचच मिनिटं. त्यांची बस होती.