सोवळ्यातल्या गोड लाह्या

१२ नोव्हेंबर ७७
अकोल्याहून छापलेल्या चिठ्ठ्या आल्या. हरेक पिशवीत एक टाकायची, असं आमचा माल उचलणाऱ्या मोहनशेठचं फर्मान. चिठ्ठीवर नऊवारीतली बाई, नाकात नथ, हातात ताट. खाली लाल अक्षरं: ‘सोवळ्यात बनवलेल्या गोड लाह्या’.
दोनदा वाचलं. मंग मोठ्यानं वाचलं, शांतानं ऐकावं म्हणून. ती पाकात खायचा सोडा टाकून राह्यली होती. पाक फसफसून वर आला तरी तिचा हात हालेना. “वयनी, ह्या आपल्या लाह्या?”
आपल्याच. मका मी फोडते, गुळाचा पाक मी करते, माही नणंद त्यात सोडा टाकून लाह्या घोळते, हे मेणबत्तीवर पिशव्या चिकटवतात. भीमनगरातल्या आमच्या पत्र्याखाली. यात सोवळं कुठून घुसलं?
ह्यायनं वर न पाहता पिशव्या चिकटवणं चालूच ठेवलं. म्हणजे ह्यायले आधीच माहीत होतं.

१३ नोव्हें.
शेठच्या दुकानात गेली. म्हटलं, “शेठ, हे काय छापलं?”
“अवं वत्सला, सोवळं म्हणजे स्वच्छ.”
“मंग स्वच्छ छापा ना.”
हसला. म्हणे, स्वच्छ तर सगळेच लिहितात, त्यानं माल खपत नाई. अन् वर सांगते, तुह्यावर उपकारच करून राह्यलो, तुहं नाव सांगितलं तर पोह्यावर टाकालेही कोणी घेणार नाई.
लाह्या पोह्यावर कोण टाकते? मूर्ख. पण त्याच्यासमोर हे सुचलं नाई, घरी येता येता सुचलं. अजून राग येऊन राह्यला.

१५ नोव्हें.
ह्यायच्याशी भांडण. म्हणतात, “नाव कोणाचंही राहो, चूल आपली आहे ना? मी कापसाच्या जिनिंगमधी पोते वाहून पाठ मोडली. आता सावलीत बसतो. तुले काय पाह्यजे अजून?”
म्हटलं, “मी सहा वर्षांची होती तवा माह्या बापानं धम्म घेतला अन् देव्हाऱ्यातले देवायचे टाक नदीत सोडले. ते काय पुन्हा सोवळ्यात लपाले?”
“तुहा बाप पुढारी होता. मी नाई.”
उठून गेले. ताट तसंच.

(नंतर) शेठले माल देण्याआधी शाळेसमोर मी पुडीत बांधून विकत होती तवा पोट्टे ‘वत्सलाबाईच्या लाह्या’च म्हणत. मास्तरीणबाईही घेत. कोणी जात विचारली नाई. का विचारली, मीच ऐकली नाई?

८ जानेवारी ७८
माल आता शेलूबाजारले जीपनं जाते. मंगरूळलेही. नवी कढई आली, जुनीच्या दुप्पट. मोहनशेठ लोकायले ‘आपली कंपनी’ म्हणून सांगते.
आमाले मात्र दुकानाच्या मागच्या दारानं माल द्यायचा. पुढून गिऱ्हाईक राह्यते म्हणे.
आज मागच्या दारात शेठची माय तांदूळ निवडत होती. मी सहज म्हटलं, “आई, चाखून तर पाहा.” तिनं सूप दुसऱ्या बाजूले सरकवलं. म्हणे, “नको माय, माहा उपास.”
काल एकादशी नव्हती, आज नाई, उद्या नाई. जो गावोगाव सोवळ्यातलं म्हणून विकते त्याची माय ते खात नाई. तिले माहीत आहे.
शांताले सांगितलं. ती हसत सुटली, मंग रडली. मले ना हसू आलं ना रडू.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीआधी वस्तीत लाह्या वाटल्या, चिठ्ठ्या काढून. एका पिशवीत राह्यली. समाजमंदिराच्या पायरीवर कोणीतरी वाचली. “वत्सलाबाई, तुमी सोवळ्यात केव्हापासून?” गंज, पायरीभर लोकं हसले. हसण्यात वाईट नव्हतं काही, आपलेच लोकं. पण ह्यायची मान खाली गेली ती वर येईना.
बरं वाटलं मले. खरं सांगते, बरं वाटलं. मंग ह्यायच्याकडे पाहून तेही गेलं.

१७ एप्रिल
काल रामनवमी. पोहरादेवीच्या यात्रेत शेठनं दुकान मांडलं. माणसं कमी म्हणून मले अन् शांताले नेलं, पण मागं बसून पिशव्या काढून द्यायच्या, बोलायचं नाई.
दुपारी गर्दी. एक बाई आली, मळेवाली असावी, टोपलीत वांगे, कडेवर नात. पिशवी उलटीसुलटी करून पाहे. “शेठ, कोणाच्या हातचं आहे? पोरीचा नवस आहे, म्हणून विचारते.”
शेठ म्हणे, “आमच्या घरच्या बायायच्या.”
मी उभी झाली. कशी झाली मले माहीत नाई. म्हटलं, “माह्या हातचं आहे, बाई. मी वत्सला. कारंज्याची. बौद्ध आहे.”
शेठ “बस खाली” म्हणे. मी बसली नाई.
बाईनं पिशवी ठेवून दिली. फेकली नाई, हळूच ठेवली, जशी गरम वस्तू ठेवतात. नात हात लांबवून रडाले लागली, तरी ती निघून गेली. मागचे दोन गडीही निघाले. मंग एक बंजारीण पुढं आली, हातभर बांगड्या, म्हणे, “दे वं इकडे, माह्या पोट्ट्यायले भूक लागली. तुमचं तुमी पाहा.” दोन पिशव्या घेतल्या अन् तिथंच फोडल्या.
शेठनं दुकान आवरलं. जीपमधी शांतानं माहा हात धरला होता. 

१९ एप्रिल
शेठ घरी आला. पहिल्यांदाच आला. ओट्यावरच उभा राह्यला, पाणी घेतलं नाई. ह्यायले म्हणे, “तू राह्य, तुही बहीण राह्यली तरी चालते. हिचा हात नको. अन् आता माल माह्याच वाड्यात होईन, बाया ठेवतो. पाक तू रोज पाह्यतो, तू येऊन शिकव.”
मी दारात होती. मले वाटलं, आता हे बोलतील. आताच.
“येतो, शेठ,” म्हणाले.

२० एप्रिल
गेले. सदरा धुतलेला घालून गेले.
शांताले सोबत चाल म्हटलं तर ती म्हणे, “दादा, मी नाई येत. तिथं मले मागच्या दारानंच जा लागीन.” भावासमोर एवढं बोलणारी पोरगी नव्हती ती.

२ मे
शेठच्या वाड्यात माल निघाला. चांगला निघाला. ह्यायनं चांगलाच शिकवला असणार, अर्धवट काम ह्यायले जमत नाई. चिठ्ठी तीच. आता ती चिठ्ठी खरी झाली म्हणायची का? नवरा बौद्ध, पाक त्याच्या हातचा! शेठची माय आता खाते का, विचारलं पाह्यजे.
घरात बोलणं बंद. भाकर वाढते, बस.

९ मे
एस.टी. स्टँडवर बसली. मी अन् शांता. पाटीवर खडूनं लिहिलं: ‘वत्सलाबाईच्या गोड लाह्या, भीमनगर’. शांता म्हणे, “वयनी, भीमनगर कायले? उगा गिऱ्हाईक जाईन.” म्हटलं, “जाऊ दे. ज्याले जायचं तो वाचून जाईन, खाऊन नाई.”
काही वाचून पुढं गेले. एक कंडक्टर रोज घेतो म्हणाला. एका म्हाताऱ्यानं घेतल्या, मंग पाटी वाचली, मंग माह्याकडे पाह्यलं अन् खातच राह्यला.
शेठची जीप समोरून गेली. हे मागं डब्यायवर बसले होते. पाटी वाचली असणार. वाचता येते ह्यायले.

११ मे
दुपारी मका फोडत होती तर हे आले. शेठकडे सुट्टी नव्हती. कायले आले, मी विचारलं नाई, त्यायनंही सांगितलं नाई. उद्या तिकडं जाणार का नाई, तेही नाई.
चुलीपाशी बसले. कापसाच्या पऱ्हाट्या मोडून जाळ सारत राह्यले. माह्या हातात झारा, डोळे कढईत. मी उठा म्हटलं नाई. बसा बी म्हटलं नाई.