ह्यांच्या मापाची खुर्ची

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी ऐक: माझ्याकडे रंधा आला! भंगाराच्या दुकानात, मोडक्या सायकलींखाली उताणा पडला होता बिचारा. पातं गंजलेलं, पण मूठ इतकी गुळगुळीत की सोडवेचना. बरोबर करवत, पटाशी आणि कोन बघायचा लोखंडी गुण्याही उचलला. शेजारीण म्हणाली, ह्या वयात हे काय खूळ? मी म्हटलं, ह्या वयातच तर सवड मिळते!

खूळ नाही रे. झटका आल्यापासून ह्यांची डावी बाजू साथ देत नाही. बाजारच्या खुर्च्या बसायला छान, उठायच्या नावानं शंख. परवा शेजाऱ्यांनी आणि मी मिळून उठवलं, तेव्हा ह्यांनी मान फिरवली. मला ते बघवलं नाही. हे आपले आपण उठतील अशी खुर्ची मी स्वतः करणार. तुझा आशीर्वाद हवा. सल्ला मागेन तेव्हाच दे.

तुझी,
खटपट

दि. ११ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद, आणि न मागितलेला सल्लाही.

लहानपणी माझी हातोडी पळवून अंगठा सुजवून घेणारी तू, आता खुर्ची करणार! अगं, मी जन्मभर सुतारकी केली ती काय गंमत म्हणून? मापं कळव, मी करून पाठवतो. भाऊजींच्या हाडांवर प्रयोग नकोत. तुझी वहिनी मात्र म्हणते, तिला करू द्या, तुम्ही गप्प बसा. मी गप्प आहे.

रागावू नकोस, काळजीपोटी बोललो.

तुझा,
दादा

दि. २९ मार्च

ती. दादास,
नमस्कार, आणि कान पकडते.

खुर्ची झाली आणि डुगडुगली. एक पाय कापला, तर दुसरा उंच. तो कापला, तर तिसरा. कापता कापता खुर्चीचा पाट झाला! हे हसून हसून दमले. नंतर मात्र हळूच म्हणाले, जाऊ दे, मला सवय झालीय. दादा, त्या सवयीचीच मला भीती वाटते. मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. आता मागते सल्ला. माझं चुकतंय कुठे?

तुझी,
खट्टू झालेली खटपट

दि. ४ एप्रिल

चि. खटपटीस,
आशीर्वाद. डोळे पूस आधी.

तुझ्या हातात खोट नाही, त्या गुण्यात असणार. चांगला गुण्या सुतार सहसा भंगारात टाकत नाही. सरळ कडेच्या फळीवर तो टेकवून रेघ मार. मग पालथा करून त्याच जागी दुसरी मार. रेघा एकावर एक बसल्या तर तो खरा; फाकल्या तर लबाड. तसा निघाला तर फेकून दे, माझा पाठवतोय. चाळीस वर्षं वापरलाय. हरवलास तर तुझी खैर नाही.

आणखी एक. बैठक उंच ठेव. खुर्चीचा उजवा हात पुढे लांबव, म्हणजे भाऊजींना त्यावर जोर देता येईल. दोन्ही हात सारखे दिसायलाच हवेत, असं कोणी सांगितलं? खुर्ची लग्नात मांडायची नाहीये.

तुझा,
दादा

दि. २७ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

रेघा चांगल्या फाकल्या. तुझ्या गुण्यानं सगळे सांधे नव्यानं केले. दिसायला खुर्ची वेडीविद्री झाली, एक हात लांब, एक आखूड; पण हलेल तर शपथ! चार दिवस हे तिच्यात नुसते बसत होते. उठून बघा म्हटलं की म्हणायचे, बघू. मीही मग तोंड शिवून घेतलं.

आज सकाळी मी मागच्या खोलीत रंधा मारत होते. करपल्याचा वास आला. धावत बाहेर आले, तर खुर्ची रिकामी! पडले असणार, ह्या भीतीनं हाका मारत सुटले. तर हे स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभे. एकटे! चहा करायचा म्हणून दूध तापत ठेवलेलं, ते सगळं उतू गेलेलं, पातेलं काळंठिक्कर. माझ्याकडे बघून म्हणतात कसे, ओरडू नकोस, तुझ्यासाठीच करत होतो.

दादा, मी पातेलं अजून घासलेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेय. वहिनीला घेऊन लवकर ये, आणि माझ्यावरची ही दादागिरी अशीच राहू दे.

तुझी,
खटपट