साठीचं लग्न आणि किनाऱ्यावरचे माड

तंजावूर, ३ मार्च १९९८

चि. विनुतास अप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता खुशाल. वाद्यार भटजींनी माझ्या षष्ट्यब्दीपूर्तीचा मुहूर्त ७ जूनचा काढला आहे. साठाव्या वर्षी पुन्हा मंगळसूत्र बांधून घ्यायचं म्हणून तुझी आई आतापासून लाजते, आणि साडी कुठली नेसू म्हणून रोज माझं डोकं खाते.

मेच्या मध्यावर तुमच्या बेटाची बोट पावसाळ्यापुरती बंद होते ना? त्याआधीच नीघ. बेटानं इतकी वर्षं डिझेलवर दिवे लावले, तू बांधतेस त्या सौरविजेच्या केंद्रावाचून आणखी चार महिने काही अडत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेले,
अप्पा

बेटावरून, २० मार्च

ती. अप्पा व आई यांस विनुताचा सा. न. वि. वि.

अप्पा, माझं चुकलं. केंद्राची जागा मी किनाऱ्यालगत आखली. द्वीप पंचायतीच्या अध्यक्षा पाथुम्माबी दोनदा सांगून गेल्या, की तिथले माड तोडू नका, वाळू त्यांनीच धरून ठेवलीय. मला वाटलं, नुकती निवडून आलेली पंचायत, तिला विजेतलं काय कळतं! कावेरीकाठी वाढलेली मी, पायाखालची जमीन निघून जाते हे मला कुठं ठाऊक? चौदा माड पाडले. परवाच्या उधाणात किनारा आठ हात आत आला, पाथुम्माबींच्या भावाची होड्यांची शेड वाहून गेली.

पंचायतीनं काम थांबवलंय. मी तोंड लपवून बसलेय. पुढच्या बोटीनं येते, मुहूर्ताचं निमित्त आहेच. फार रडू येतंय.

तुमची विनू

तंजावूर, २ एप्रिल

चि. विनूस आशीर्वाद.

आई रडली, मी रागावलो. पळून यायला आमचं लग्न निमित्त करू नकोस. पापनाशमला पाटबंधारे खात्यात असताना मीही म्हाताऱ्या शेतकऱ्यांना न विचारता मोरी बांधली होती. पाणी तुंबून पंधरा एकर भात कुजला. मग चपला काढून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. शिव्या खाल्ल्या, कॉफीही मिळाली. तूही जा. चूक कबूल केली म्हणून कुणी लहान होत नाही, बाळ.

अप्पा

बेटावरून, १८ एप्रिल

ती. अप्पांस सा. न.

गेले. चूक कबूल केली. पाथुम्माबींनी आधी जेवायला वाढलं. पंचायतीनंच तोड काढली: सौरविजेची तावदानं शाळेच्या आणि मासळीच्या शेडच्या छपरावर, आणि किनाऱ्यावर पुन्हा माड. पावसाआधी रोपं लावायची, पावसात ती जपायची. पाथुम्माबी म्हणतात, आईवडिलांचं लग्न चुकवू नकोस, जा. पण माड मी पाडले, अप्पा. गेले तर सप्टेंबरपर्यंत परतता येणार नाही. काय करू?

विनू

तंजावूर, ३० एप्रिल

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

शेवटच्या बोटीचं टपाल गाठायला घाईत लिहितो. राहा. रोपं जगव.

मुहूर्त मात्र मोडला. मी नाही, तुझ्या आईनं. वाद्यार खूप चिडले, शास्त्रं सांगू लागले. पहिल्या लग्नाला माझी लेक नव्हती, दुसऱ्याला तिच्याविना मी उभी राहणार नाही, असं तिनं त्यांना ठणकावलं. नवरीच अडून बसली, तर मी काय करणार?

सप्टेंबरच्या पहिल्या बोटीनं ये. माया आहे तशीच राहू दे.

तुझा ताटकळलेला नवरदेव,
अप्पा